कबड्डीतील लहान चणीच्या बचावपटूची पारख

कबड्डीतील लहान चणीच्या बचावपटूची पारख म्हणजे वयाच्या मानाने उंची, वजन किंवा हातांचा आवाका कमी असलेल्या तरुण बचावपटूची क्षमता जोखण्याची प्रक्रिया होय. ही पारख जिल्हा व राज्य संघांच्या निवड चाचण्यांत, तसेच प्रो कबड्डी लीगसारख्या व्यावसायिक स्पर्धेच्या लिलावापूर्वी केली जाते. बचावपटूला स्वतःहून जड आणि वेगात असलेल्या चढाईपटूला रोखून धरावे लागते. त्यामुळे निवडकर्त्याची नजर प्रथम शरीरयष्टीकडे जाते. मात्र सोळा ते एकोणीस वर्षे वयाच्या खेळाडूचे आजचे शरीर हे त्याच्या पंचविशीतील शरीराचे विश्वसनीय चित्र नसते. शिवाय कबड्डीतील काही पकडी कमी उंचीच्या खेळाडूला अधिक सोयीच्या असतात. या दोन कारणांमुळे लहान चणीच्या बचावपटूची निवड हा प्रशिक्षण आणि क्रीडाशास्त्र या दोन्हींच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हुतूतू या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले गेले. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर खेळाडूंच्या निवडीला लिलावाचे स्वरूप आले.

मुंबई, ठाणे, रायगड आणि रत्नागिरी हा पट्टा कबड्डीचे जुने केंद्र आहे. नवी मुंबई हे नियोजित शहर याच पट्ट्यातील ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या गावांच्या जमिनीवर, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या माध्यमातून उभे राहिले. शहर वाढले तरी मूळ गावठाणे टिकून राहिली. आगरी आणि कोळी वस्तीच्या या भागात गावच्या मंडळाचा संघ आणि रात्री प्रकाशझोतात होणारे सामने ही खेळाडू घडण्याची पहिली पायरी आहे. ठाणे जिल्ह्यातून पुढे आलेला डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक २०१८ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात होता आणि त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही होता. इर्नाक भक्कम बांध्याचा बचावपटू म्हणून ओळखला जातो. अशा उदाहरणांमुळे कोपरारक्षक म्हणजे दणकट खेळाडू अशी प्रतिमा रूढ होते आणि किरकोळ बांध्याच्या मुलाला चाचणीत मागे ठेवले जाण्याची शक्यता वाढते.

वजनगट आणि मैदान

अनेक सांघिक खेळांप्रमाणे कबड्डीत शरीराच्या आकाराला मोकळीक नाही. येथे वजनाची वरची मर्यादा असते. भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या नियमांनुसार किशोर व किशोरी गटासाठी वयोमर्यादा १६ वर्षे आणि वजनमर्यादा ५५ किलो आहे. कुमार गटासाठी २० वर्षे व ७० किलो, तर कुमारी गटासाठी २० वर्षे व ६५ किलो अशी मर्यादा आहे. पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही मर्यादा आहे.

या रचनेचा परिणाम असा की किशोर गटात ५४ किलो वजनाचा बचावपटू आपल्या गटातील वजनदार खेळाडूंमध्ये मोडतो, पण कुमार गटात गेल्यावर तोच लहान चणीचा ठरतो. खेळाडू बदललेला नसतो. मोजपट्टी बदललेली असते.

गटाबरोबर मैदानही बदलते. किशोर गटाचे मैदान ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. कुमार मुले आणि पुरुष १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदानावर खेळतात. म्हणजे क्षेत्रफळ ८८ चौरस मीटरवरून १३० चौरस मीटर, सुमारे दीडपट होते. मोठ्या मैदानावर मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे १ मीटरवर असते. मध्यरेषेपासून अंतिम रेषा ६.५ मीटरवर असल्याने बोनस रेषेमागे बचावपटूंना केवळ १.७५ मीटर खोली उरते. रुंदी वाढल्याने कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांच्यातील अंतरही वाढते. आखूड हातापायांच्या खेळाडूला हे अंतर पावलांच्या गतीने भरून काढावे लागते. म्हणूनच किशोर गटातील यशावरून थेट निष्कर्ष न काढता खेळाडूला मोठ्या मैदानावर खेळवून पाहणे आवश्यक ठरते.

बचावफळीतील जागा आणि चण

सात खेळाडूंच्या बचावफळीत दोन टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक असतात. त्यांच्या आतील बाजूस मध्यरक्षक अर्थात कव्हर उभे राहतात. या जागांची कामे वेगळी असल्याने चणीचे महत्त्वही जागेनुसार बदलते.

कोपरारक्षकाचे प्रमुख अस्त्र घोट्याची पकड म्हणजे अँकल होल्ड हे आहे. चढाईपटू बोनस घेण्यासाठी किंवा पायाने स्पर्श करण्यासाठी पाय लांबवतो, त्या क्षणी त्याचे वजन मागच्या पायावर असते आणि पुढचा पाय हलका असतो. कोपरारक्षक खाली झेपावून तो घोटा धरतो. येथे कमी उंची उपयोगी पडते. ज्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो, त्याला घोट्यापर्यंत पोहोचण्यास कमी अंतर कापावे लागते. पकड घेतल्यानंतर ओढले जाताना त्याचा तोलही उशिरा जातो. मांडीची पकड म्हणजे थाय होल्ड करतानाही खालून आत शिरणाऱ्या खेळाडूला फायदा मिळतो.

मध्यरक्षकाच्या कामात चित्र पालटते. मध्यरेषेकडे परतणाऱ्या चढाईपटूला अंगाने अडवणे म्हणजे ब्लॉक आणि त्याला धडक देऊन मैदानाबाहेर काढणे म्हणजे डॅश, या दोन्ही कृतींत वस्तुमान निर्णायक ठरते. समान वेगाने येणाऱ्या ८५ किलोच्या चढाईपटूचा संवेग ६५ किलोच्या बचावपटूपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक असतो. हा फरक वेळ साधून आणि कोन निवडून कमी करता येतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही.

लहान चणीच्या बचावपटूच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. खाली झेपावणाऱ्या खेळाडूवरून उंच उडी मारून निसटणे हे चढाईपटूचे परिचित प्रत्युत्तर आहे. आवाका कमी असल्यास चढाईपटूचा लांब हात आधी स्पर्श करून जातो. एकट्याने धरलेला घोटा जोडीदाराची मदत वेळेवर न आल्यास सुटतो आणि चढाईपटूला गुण मिळतो. त्यामुळे लहान चणीच्या कोपरारक्षकाचे मूल्य त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकावर अवलंबून राहते. बचावपटू हात धरून साखळी करतात तेव्हा एकाने पाय अडकवावा आणि दुसऱ्याने धड अडवावे, अशी कामाची विभागणी होते. अशा जोडीत एक खेळाडू लहान असणे दोष ठरत नाही. दोघेही लहान असल्यास मात्र जड चढाईपटू साखळी तोडून जाऊ शकतो.

वाढीचे वय

मुलांमध्ये उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, तर मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास येतो. व्यक्तीनुसार हा काळ एक-दोन वर्षे अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. स्नायूंचे वस्तुमान आणि बळ उंचीच्या या वाढीनंतर काही काळाने वाढते. परिणामी एकाच जन्मवर्षातील दोन मुलांपैकी एक शरीराने प्रौढ आणि दुसरा अद्याप बालवयात, असे दृश्य पंधराव्या-सोळाव्या वर्षी सर्रास दिसते. उशिरा वाढणारा मुलगा या वयात लहान दिसतो, पण त्याची वाढ शिल्लक असते. लवकर वाढलेल्या मुलाला मिळालेला बळाचा लाभ पुढे इतरांनी गाठल्यावर ओसरतो.

याशी संबंधित आणखी एक बाब म्हणजे सापेक्ष वयाचा परिणाम. वयोगटाची सीमा ठरावीक तारखेने आखली जाते. त्यामुळे त्या तारखेनंतर लगेच जन्मलेला खेळाडू गटातील सर्वांत लहान खेळाडूपेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असू शकतो. रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांच्या अभ्यासातून हा परिणाम मांडला. त्यानंतर अनेक खेळांत त्याचा शोध घेण्यात आला.

हाडांच्या वयाची तपासणी या प्रश्नाची दुसरी बाजू उलगडते. डाव्या हाताच्या मनगटाचा व पंजाचा क्ष-किरण घेऊन हाडांच्या परिपक्वतेचा अंदाज बांधला जातो. टॅनर–व्हाइटहाउस ३ ही त्याची प्रचलित पद्धत आहे. भारतात तिचा उपयोग प्रामुख्याने वयचोरी रोखण्यासाठी होतो. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये खेळांतील वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता लागू केली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळही कनिष्ठ गटांसाठी ही पद्धत वापरते. वय लपवून खेळणाऱ्या मोठ्या मुलामुळे खऱ्या वयाचा लहान खेळाडू संघाबाहेर राहतो. त्यामुळे वयचोरी ही नियमभंगाबरोबरच चुकीच्या पारखीचेही कारण बनते. ही तपासणी जन्मतारीख सिद्ध करत नाही, केवळ परिपक्वतेचा अंदाज देते. परंतु तोच अंदाज उशिरा वाढणाऱ्या खेळाडूच्या बाजूनेही वापरता येतो. त्याच्या हाडांचे वय जन्मवयापेक्षा कमी असल्यास वाढीला वाव आहे असे समजते.

निवडीची वाट

महाराष्ट्रातील तरुण बचावपटू साधारणपणे दोन वाटांनी पुढे जातो. पहिली वाट शालेय स्पर्धांची असून तेथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. दुसरी वाट मंडळाच्या संघातून जिल्हा स्पर्धा, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद आणि राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते. चाचणीत खेळाडूला दाखवण्यासाठी थोडाच वेळ मिळतो. चढाई ३० सेकंदांची असते आणि कोपरारक्षकाच्या वाट्याला संपूर्ण डावात पकडीच्या मोजक्याच संधी येतात. कमी वेळात घ्यायच्या निर्णयात उंची आणि बांधा या ताबडतोब दिसणाऱ्या गोष्टी वरचढ ठरतात.

व्यावसायिक पातळीवर लिलाव ही निवडीची मुख्य पद्धत आहे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक १२.८० लाख रुपयांची बोली राकेश कुमार याच्यावर लागली. २०१८ च्या लिलावासाठी ४२२ खेळाडूंची यादी होती आणि त्यांपैकी ८७ जण ‘फ्यूचर कबड्डी हीरोज’ या देशव्यापी शोधमोहिमेतून आले होते. त्याच लिलावात यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याला १ कोटी रुपयांना घेतले. २०२४ मध्ये याच संघाने मध्यरक्षक सुनील कुमार याच्यासाठी १.०१५ कोटी रुपये मोजले. २०२३ च्या लिलावात अ, ब, क आणि ड या श्रेणींची मूळ किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये होती.

नवोदितांसाठी लिलावाबाहेर ‘न्यू यंग प्लेअर’ हा मार्गही आहे. संघ तरुण खेळाडूंना आपल्या प्रशिक्षण व्यवस्थेत घडवून करारबद्ध करतात. पुणेरी पलटणने या मार्गाचा मोठा उपयोग केला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच वाटेने संघात आला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. उशिरा वाढणाऱ्या खेळाडूसाठी हा मार्ग अधिक अनुकूल आहे, कारण येथे संघ एका दिवसाच्या चाचणीऐवजी अनेक महिने खेळाडूला पाहू शकतो.

निवडीचे परिणाम लीगपुरते मर्यादित नसतात. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका व सार्वजनिक उपक्रम यांचे संघही खेळाडूंना नोकरी देतात. या संधींसाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरील सहभाग व प्रावीण्य आवश्यक असते. म्हणून सोळाव्या वर्षी चणीमुळे नाकारला गेलेला खेळाडू पुढील स्पर्धांबरोबर उपजीविकेच्या वाटेलाही मुकू शकतो.

पारखीचे निकष

लहान चणीच्या बचावपटूकडे पाहताना पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

पदन्यास: चढाईपटू दिशा बदलतो तेव्हा बचावपटू पाय एकमेकांत न अडकवता सरकतो का, आणि अंतिम रेषेजवळही तोल राखतो का.

वेळेचे भान: तो हालचालीपूर्वीच झेपावतो की चढाईपटूचे वजन मागच्या पायावर गेल्यावर. उतावळा बचावपटू चपळ असला तरी सहज फसतो.

पकडीनंतरचे पहिले क्षण: घोटा धरल्यावर तो शरीर जमिनीलगत ठेवून पाय आपल्याकडे ओढतो का, की केवळ हातांच्या बळावर लटकतो. दुसऱ्या प्रकारात मोठ्या गटात पकड सुटण्याची शक्यता अधिक असते.

जोडीदाराशी समन्वय: स्वतः पकड न घेताही तो चढाईपटूला मध्यरक्षकाच्या बाजूला ढकलतो का, आणि जोडीदाराने पकड घेताच मदतीला धावतो का.

संख्या कमी असतानाचा खेळ: मैदानात तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला एक अतिरिक्त गुण मिळतो, तिला अव्वल पकड म्हणतात. अशा वेळी जोडीदाराची मदत मर्यादित असल्याने लहान चणीच्या खेळाडूच्या तंत्राची खरी कसोटी लागते.

चुकीनंतरचे वर्तन: पकड फसल्यावर तो पुढच्या चढाईत मागे हटतो की पुन्हा योग्य क्षणाची वाट पाहतो.

वाढीचा आलेख: एका दिवसाच्या मोजमापापेक्षा सहा-सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या उंची व वजनाच्या नोंदी, तसेच आईवडिलांची उंची, अधिक माहिती देतात.

आकडेवारीच्या मर्यादा

बचावपटूचे मोजमाप सामान्यतः पकडीचे गुण, यशस्वी पकडींचे प्रमाण आणि एका सामन्यात पाच गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’ यांवरून होते. २०१८ च्या सहाव्या हंगामात यूपी योद्धाचा नितेश कुमार एकाच हंगामात पकडीचे १०० गुण मिळवणारा पहिला बचावपटू ठरला. अशी आकडेवारी प्रौढ खेळाडूंची तुलना करण्यास उपयोगी आहे. तरुण खेळाडूंच्या बाबतीत मात्र ती जपून वाचावी लागते. गुणपत्रकात पकडीचा गुण एका खेळाडूच्या नावे जातो, तर पकड अनेकदा दोघा-तिघांची असते. ज्या कोपरारक्षकाच्या बाजूला चढाईपटू जाण्याचेच टाळतो, त्याच्या नावापुढे कमी गुण दिसतात. किशोर गटात केवळ बळावर मिळवलेले गुण पुढच्या गटात टिकतीलच असे नाही. स्थानिक स्पर्धांमध्ये तपशीलवार नोंदी ठेवल्या जात नसल्याने सामन्याची चित्रफीत हे पारखीचे महत्त्वाचे साधन बनले आहे.

इतर खेळांशी तुलना

लहान चणीच्या बचावपटूचा प्रश्न उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीत विशेष चर्चिला जातो. तेथे नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने साधारण अठरा वर्षांच्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात आणि वजनाची वरची मर्यादा नसते. २००८ मध्ये १५६ व्या क्रमांकावर निवडला गेलेला जेरेड स्पर्जन याला निवडणाऱ्या संघाने करारबद्ध केले नाही. पुढे तो मिनेसोटा वाइल्डचा कर्णधार झाला. २०२२ च्या ड्राफ्टपूर्वी सुमारे ५ फूट ८ इंच उंचीच्या लेन हटसनने आपली वाढ शिल्लक असल्याचे डॉक्टरांचे पत्रच संघांपुढे ठेवले होते. त्याला ६२ व्या क्रमांकावर मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने निवडले. २०२५ मध्ये त्याने सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा काल्डर करंडक मिळवला. कबड्डीत वजनमर्यादा असल्याने आकारातील तफावत तुलनेने कमी राहते. तरीही वाढीचे वय दुर्लक्षित राहिल्यास होणारी चूक दोन्ही खेळांत सारखीच आहे.

धोके आणि उपाय

वजनमर्यादेमुळे उलट दिशेचा धोकाही निर्माण होतो. मर्यादेपेक्षा थोडे जास्त वजन असलेली मुले गटात बसण्यासाठी उपाशी राहतात, पाणी कमी पितात किंवा घाम गाळून वजन उतरवतात. वाढीच्या वयात यामुळे निर्जलीकरण, थकवा व दुखापत यांची शक्यता वाढते. दुसरीकडे, लहान चणीच्या खेळाडूवर अल्पावधीत वजन वाढवण्याचा दबाव येतो आणि त्यातून अपायकारक पूरके किंवा प्रतिबंधित द्रव्यांकडे वळण्याचा धोका संभवतो. घाईने वाढवलेले वजन कोपरारक्षकाची चपळाई कमी करू शकते.

काही खेळांत खेळाडूंना जन्मवर्षाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गटांत विभागून सराव देण्याची पद्धत वापरली जाते. तिला बायो-बँडिंग म्हणतात. तीत उशिरा वाढणाऱ्याला समबळ प्रतिस्पर्धी मिळतात आणि लवकर वाढलेल्याला केवळ बळावर विसंबता येत नाही. कबड्डीतील वजनगट काही अंशी हेच काम करतात, परंतु ते वजन मोजतात, परिपक्वता नव्हे. चाचणीत नाकारलेल्या खेळाडूंची नोंद ठेवून त्यांना वर्षभराने पुन्हा पाहणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. जिल्हा पातळीवर उंची, वजन आणि खेळाच्या नोंदी सातत्याने ठेवल्यास लहान चणीच्या बचावपटूला नाकारण्यापूर्वी त्याची वाढ पूर्ण झाली आहे की नाही, हे निवडकर्त्याला तपासता येते.

हे सुद्धा पहा

कबड्डी, प्रो कबड्डी लीग, यू मुंबा, पुणेरी पलटण, शंकरराव साळवी